दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस

दिल्लीत पानगळ एप्रिलमध्ये होते, हे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. थंडीच्या गावात पानं थंडीतच गळणार, असं त्यांचं गणित. पण इथला कडुनिंब होळी झाली की पिवळा पडायला लागतो आणि बघता बघता रस्ताभर पानांचा खच पडतो. झाडूवाल्या बायका सकाळी ढीग लावून जातात आणि दुपारचा वारा तो पुन्हा पसरून ठेवतो. मग कोवळी तांबूस पालवी येते, मग बारीक पांढरा मोहोर, आणि त्याचा तो कडसर गोड वास. त्या वासाच्या मागोमाग उन्हाळा घरात शिरतो.

यंदाही तसाच शिरला. आम्ही आता यमुनेपलीकडे सातव्या मजल्यावर राहतो. एवढ्या उंच कडुनिंब कुठला यायला, पण खाली सोसायटीच्या भिंतीला लागून एक उरला आहे. परवा भाजी घेऊन येताना त्याच्याखाली जरा थांबले आणि एकाएकी वाटलं, अभ्यास राहिलाय. परीक्षेचा! माझं वय सत्तावन्न. आता कसली परीक्षा राहिली आहे? पण त्या वासाला हे कोण समजावणार? भाजीची पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले आणि तो एक उन्हाळा, नऊ रविवारांचा, सगळा डोळ्यांपुढून गेला.

त्याला आता सतरा-अठरा वर्षं होतील. तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे सुरेशराव केंद्र सरकारच्या नोकरीत, मुलगा निखिल आठवीत, आणि मी दक्षिण दिल्लीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर. एप्रिल लागला की कूलर खिडकीला लावायचा, त्याची जुनी गवताची पॅड काढून नवी बसवायची, हा आमच्या घरचा सणच. पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या गवताचा जो वास सुटायचा तो आम्ही तिघं खिडकीशी उभं राहून छाती भरून घ्यायचो. मे महिन्यात समोरच्या झाडाला पिवळे घोस लटकले की निखिल ओरडायचा, "आई, अमलतास आ गया!" त्याला बहावा म्हणतात रे, असं मी दरवर्षी सांगायची. तो दरवर्षी "अच्छा" म्हणायचा आणि विसरून जायचा.

ती क्वार्टर्स आता पाडली. तिथे उंच इमारती झाल्या आहेत. बहाव्याचं काय झालं, बघायला गेले नाही.

शहर त्या वर्षांत नुसतं धावत सुटलं होतं. गुडगावच्या दिशेने मेट्रोचे खांब उभे राहत होते, काल जिथे म्हशी बसायच्या तिथे आज काचेची इमारत दिसायची, आणि बसथांब्यांवर कागद चिकटवलेले असायचे: परदेशात नर्स व्हा. आमच्या नर्सिंग होममध्ये मी सोडून सगळ्या केरळच्या. प्रत्येकीच्या कपाटात परदेशाचा एक फॉर्म कायम तयार. त्यातल्या लिसीने एक फॉर्म माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "स्मिता, तुम भी भरो यार. कब तक यहाँ बैठके बीपी नापोगी?"

अमेरिकेत नर्सचं काम करायचं तर तिकडचं लायसन्स लागतं, आणि लायसन्ससाठी परीक्षा. ती परीक्षा दिल्लीजवळच्या उपनगरात नुकतीच घ्यायला लागले होते. पण थेट जाऊन बसता येत नाही. आधी अर्ज. तुमच्या नर्सिंग स्कूलने तुमची गुणपत्रिका परस्पर तिकडे पाठवायची, मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलने तुमची नोंदणी खरी असल्याचं परस्पर कळवायचं, ते सगळं तिकडे एकमेकांशी जुळलं की मग परीक्षेला बसायची परवानगी.

मला कशाला हवी होती ती परीक्षा? घरात मी सांगितलं, निखिलच्या शिक्षणासाठी. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नर्सिंगचा निकाल लागला त्याच महिन्यात माझं लग्न लागलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी दिल्लीत पोळ्या लाटत होते. ते पत्र माझ्या भावाने परत पाठवून दिलं. पुढची दहा वर्षं मी थर्मामीटरला हात लावला तो फक्त निखिलसाठी. नर्सिंग होममध्ये लागले तीही ओळखीने, तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितलेसुद्धा नाहीत. त्यामुळे मनात एक सल होता. मला येतं की नाही, हे एकदा कोणीतरी परक्याने, नीट कागद लावून, सांगावं असं वाटायचं. चाळिशीला टेकलेल्या बाईला पास व्हावंसं वाटतं, हे सांगायला लाज वाटते म्हणून मी मुलाचं नाव पुढे केलं.

फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न नावाचा.

माझं नाव हौसा. तीन मुलांनंतर हौसेने झालेली मुलगी म्हणून हौसा. हौसा ज्ञानू पाटील. नर्सिंग स्कूलच्या रजिस्टरमध्ये हेच, कौन्सिलच्या नोंदणीतही हेच. लग्नात आमच्याकडची रीत अशी, की तबकात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. सुरेशरावांनी लिहिलं, स्मिता. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, ते सगळ्याच बायकांचं जातं. माझं पहिलंही गेलं. मांडवात टाळ्या पडल्या, पेढे वाटले, आणि मी दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या गाडीत बसले. रेशनकार्डावर स्मिता सुरेश जगताप, बँकेत तेच, निखिलच्या शाळेत तेच आणि लिसीच्या सांगण्यावरून घाईघाईने काढलेल्या पासपोर्टवरही तेच. लिसीच्या लग्नात तिच्या नावाला कोणी हात लावला नव्हता. माझी अडचण तिला कळेचना. "पूरा नाम बदल दिया? पहलावाला भी? क्यों?" असं ती परत परत विचारायची.

मी आपली भाबडेपणाने दोन्ही नावं लिहून अर्ज पाठवून दिला. दीड महिन्याने तिकडून पत्र आलं: एकाच अर्जासोबत दोन वेगळ्या व्यक्तींची कागदपत्रं आली आहेत, तरी फाईल नेमकी कोणाची ते कळवावं. लग्नाने आडनाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यासाठी लग्नाचा दाखला चालला असता. पण आडनावासकट सगळीच बाई बदलते, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शिवाय दाखला होता कुठे? आमचं लग्न गावच्या शाळेच्या पटांगणात झालं, अख्खा गाव जेवला. दाखला काढायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सुरेशराव सरकारी माणूस, कागदावर त्यांची फार श्रद्धा. म्हणाले, "पुरावा आहे की!" आणि त्यांनी लग्नाच्या अल्बममधून फोटो काढला. तबक, तांदूळ, त्यात कोरलेलं माझं नाव आणि कोपऱ्यात त्यांचं अंगठीवालं बोट. तो घेऊन आम्ही कोर्टाबाहेर टंकलेखक बसतात तिथे गेलो. तिथल्या सरदारजींनी फोटो उलटासुलटा करून बघितला.

"ये क्या है जी, खीर?"

"चावल हैं," सुरेशराव म्हणाले. "इसमें नाम लिखा है. इनका."

सरदारजींनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि फार हळुवारपणे फोटो परत दिला. "बहनजी, चावल पर लिखा हुआ तो नहीं चलता."

त्यांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सांगितली. तीही दिली. 'मी, हौसा ज्ञानू पाटील, लग्नानंतर स्मिता सुरेश जगताप या नावाने ओळखली जाते.' हरवलेली मार्कशीट आणि घरातून बेदखल केलेला कोणाचा तरी मुलगा, या दोघांच्या मधे आमची जाहिरात छापून आली. निखिलला ते वाचून इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. मलाही आलं, पण ते बाहेरच्या खोलीतलं. मोरीत जाऊन तोंड धुताना मात्र रडू आलं.

त्यावर तिकडून उत्तर आलं, सभ्य आणि सरळ. तुम्ही स्वतः स्वतःबद्दल सांगता ते पुरेसं नाही. अर्जदाराला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या, याच व्यवसायातल्या एका व्यक्तीचं शपथेवरचं निवेदन हवं. जूनच्या मध्यापर्यंत आलं नाही तर फाईल बंद.

ते पत्र मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचलं. दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस! मी बोटं दुमडायला लागले. दिल्लीत सगळ्यांना स्मिता माहीत होती. गावाकडे सगळ्यांना हौसा. माहेरी कोणी स्मिता म्हटलं तर आई अजून विचारायची, कोण गं ती? सासरच्यांना दोन्ही नावं ठाऊक, पण ती नात्यातली, आणि त्यांनी हौसाला बघितलं ते फक्त कांदेपोह्यांच्या दिवशी अर्धा तास. एका आयुष्यात दोन बाया राहून गेल्या आणि दोघींना भेटलेलं एक माणूस सापडू नये? अर्जाचं राहू द्या, मला त्या दिवशी फार एकटं वाटलं.

शेवटी नर्सिंग स्कूलला फोन लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "तुमच्या वेळच्या सिस्टर ट्यूटर कोण? साळवे बाई? अहो, त्या दिल्लीलाच असतात की मुलाकडे!"

साळवे बाई म्हणजे आमच्या मिशनच्या नर्सिंग स्कूलचा धाक. त्यांच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की वॉर्डातले पेशंटसुद्धा सरळ निजायचे. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही 'छान' म्हटल्याचं आठवत नाही. आता त्या मुलगा प्रकाश आणि सुनेबरोबर इंदिरापुरमला आठव्या मजल्यावर राहत होत्या. प्रकाश पुण्याहून कॉम्प्युटरच्या कंपनीत आला होता आणि त्याने आईला पाठोपाठ आणलं होतं. मी फोन केला, "बाई, मी हौसा पाटील." पलीकडे जराही शोधाशोध झाली नाही. "रविवारी अकराला ये. उशीर नको."

रविवारी बसने यमुना ओलांडली. नदीच्या वाळूत खरबुजांचे वेल पसरले होते. पुढे भाजीची शेतं, आणि शेतांच्या मधूनच उठलेल्या बारा-बारा मजली इमारती; काहींना रंग, काहींना नुसत्याच विटा. सोसायटीच्या फाटकावर गार्डने रजिस्टर पुढे केलं. मी सवयीने लिहिलं, स्मिता जगताप. त्याने इंटरकॉम लावला, ऐकलं आणि फोन खाली ठेवला.

"मैडम बोल रही हैं, किसी स्मिता को नहीं जानतीं."

माझ्या लक्षात आलं. "भैया, उनको बोलो, हौसा आई है."

"हौसा कौन?"

"मैं."

"अभी तो आप स्मिता थीं."

त्याच्या जागी मी असते तर मीही आत सोडलं नसतं. मी रजिस्टरमधलं नाव खोडायला गेले तर त्याने पेनच काढून घेतलं. म्हणाला, "काटना मना है." दहा मिनिटं उन्हात उभी राहिले, शेवटी बाईंनीच वरून ओरडून सांगितलं तेव्हा फाटक उघडलं. अकराला दहा मिनिटं उशीर झाला तो झालाच.

दार उघडून बाई म्हणाल्या, "हौसा पाटील. रोल नंबर अकरा. चपला काढ, आधी हात धू."

केस पांढरे झाले होते, पाठीला पोक आलं होतं, पण आवाज तोच. मी हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. मग कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचली.

"दोन्ही नावांनी ओळखणारी व्यक्ती," त्या म्हणाल्या. "मी एकाच नावाने ओळखते."

"बाई, पण मीच ती."

"ते तू म्हणतेस. शपथ मला घ्यायची आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हौसा पाटील कशी नर्स होती ते मी बायबलवर हात ठेवून सांगेन. ही स्मिता जगताप कशी नर्स आहे, मला काय माहीत? अठरा वर्षांत माणसाचं काय होईल, सांगता येतं?"

"सही नाही केलीत तर माझी फाईल बंद होईल, बाई."

"मग ओळख करून दे. दर रविवारी ये. बघते."

खाली उतरताना मी इतकी चिडले होते की लिफ्टची वाट न बघता आठ मजले जिना उतरले. मनात म्हटलं, बाकी सगळं बदललं, म्हातारी काही बदलली नाही. आणि तळमजल्यावर येता येता मला हसूही आलं, कारण त्या बाईला नुसती सही करून टाकता आली असती. शेजारच्या कोणीही केली असती. 'हाँ हाँ जानते हैं' म्हणून अख्ख्या दिल्लीने केली असती.

मग सुरू झाले ते रविवार. बाईंची सून सकाळी मुलांना घेऊन चर्चला जाई आणि तिथून परस्पर बाजारहाट करून येई, म्हणून दुपारच्या जेवणाआधीचं बाईंचं इन्सुलिन माझ्याकडे आलं. सिरिंजवरच्या बारीक रेघा बाईंना दिसत नसत; माझ्या पदरावरचा हळदीचा डाग मात्र दारातून दिसायचा. मला पलंगाची चादर बदलायला लावायच्या आणि कोपरा बघून म्हणायच्या, "ही घडी आहे की गाठोडं?" नाडी मोजताना मी काही बोलले तर मनगट काढून घ्यायच्या. लिसीकडून आणलेलं प्रश्नांचं जाड पुस्तक मी त्यांना वाचून दाखवायची. त्या परीक्षेची गंमत अशी की चारही उत्तरं बरोबर असतात, त्यातलं सगळ्यात बरोबर निवडायचं. चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? मी कण्हणाऱ्या बाईकडे निघाले की बाई म्हणायच्या, "कण्हतेय म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे जा." पेशंट औषध घ्यायला नाही म्हणतो, तर काय कराल? मी म्हटलं, समजूत घालीन, घ्या हो बाबा, एवढं घ्या. "चूक," बाई म्हणाल्या. "आधी विचार, का नको."

एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. औषध देण्याआधी पेशंटची ओळख पटवायची, आणि तीही दोन खुणांनी. खाटेचा नंबर त्यात धरायचा नाही. आमच्याकडे सगळं खाटेच्या नंबरावर चालायचं. सात नंबरला सलाइन, नऊ नंबरला ड्रेसिंग. मी पुस्तक मिटून बसले. म्हटलं, माझ्या मांडवात अशी एखादी नर्स असती तर! नवऱ्याच्या हातातली अंगठी थांबवून तिने मला आधी विचारलं असतं, बाई, तुमचं नाव काय?  बाईंनी पुस्तक उघडून पुढचा प्रश्न काढून दिला.

घरी सुरेशराव घुश्श्यात होते. रविवारी स्कूटरवरून बसथांब्यावर सोडायचे आणि मी उतरले की मागे न बघता स्कूटर वळवायचे. एका संध्याकाळी कूलरसमोर बसून आंबा कापता कापता म्हणाले, "म्हणजे मी दिलेलं नाव खोटं ठरलं की काय?"

"खोटं नाही. अर्धं," मी म्हटलं.

"तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"अहो, कोणी विचारलं कुठे?"

त्यांनी कोय चोखून संपवली. वाईट माणूस नाही हो तो. त्याला एक नाव आवडलं होतं, एवढंच. मग म्हणाले, "खरंच कोणी विचारलं नाही. मीसुद्धा." पुढच्या रविवारी त्यांनी स्कूटर बसथांब्यावर थांबवलीच नाही. भर उन्हात यमुना ओलांडून थेट सोसायटीच्या फाटकापर्यंत आणलं आणि परतीपर्यंत कलिंगडवाल्याच्या सावलीत बसून राहिले.

नवव्या रविवारी आंधी आली. आकाश आधी पिवळं झालं, मग मातकट, आणि बांधकामांवरची सगळी वाळू उडून खिडक्यांवर आदळली. वीज गेली. मी आठ मजले चढून वर पोचले तेव्हा बाई टेबलाशी कागद घेऊन बसल्या होत्या. इन्सुलिन दिलं, जेवण वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी पेन उघडलं आणि भिंग धरून, एकेक अक्षर जुळवत लिहायला लागल्या. मी समोर बसून होते. त्या काय लिहितात त्यावर माझी फाईल होती, ते खरंच. पण त्या घटकेला मला फाईलचं काही वाटत नव्हतं. आपल्याबद्दल कोणीतरी विचार करून लिहितंय, हेच मी बघत होते.

"वाचू का?" मी विचारलं.

"गुणपत्रिका कधी उघडी दिली आहे मी विद्यार्थिनीच्या हातात?"

प्रकाशने दुसऱ्या दिवशी नोटरीचा शिक्का मारून आणला. बाईंनी पाकीट बंद करून जोडावर सही केली. मी ते तसंच कुरिअरला दिलं. उजेडात धरून बघायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू! पण नाही बघितलं.

जुलैत परीक्षेची परवानगी आली. ऑगस्टमध्ये गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत बोटांचे ठसे देऊन, फोटो काढून घेऊन, एसीच्या गारठ्यात स्वेटर नाही म्हणून कुडकुडत मी परीक्षेला बसले. मध्येच कॉम्प्युटरचा पडदा कोरा झाला, मला वाटलं मशीन बिघडलं. तशीच असते म्हणे ती परीक्षा. तुम्हाला येतं की नाही हे तिला कळलं की थांबते. मी पास झाले. गेले मात्र नाही. व्हिसाची रांग पुढे सरकेना, मग निखिलची दहावी, मग सासूबाईंचं दुखणं. लिसी गेली, तिचे बर्फातले फोटो येतात. मला कधी हळहळ वाटली नाही असं नाही. पण त्या लायसन्सवर इथल्याच एका मोठ्या नव्या रुग्णालयाने मला घेतलं, आणि आता नवीन मुलींना मी शिकवते. त्या मला पाठीमागे काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नसत. सुनेला त्या ताई म्हणायच्या.

काल प्रकाशचा फोन आला. तो पुण्याला परत चालला आहे, घर आवरताना आईच्या कागदांत एक कार्बन कॉपी सापडली, त्यावर माझं नाव आहे, म्हणाला. दोन्ही नावं आहेत. त्याने फोटो काढून पाठवला. मी चष्मा शोधला, खुर्ची ओढून बसले आणि इतक्या वर्षांनी ते निवेदन वाचलं. मूळ इंग्रजीत आहे. माझ्या मराठीत ते असं:

'हौसा पाटील हिला मी तीन वर्षं शिकवलं आहे. सुई टोचण्याआधी ती निमिषभर स्वतःचे डोळे मिटते. नर्सने तसं करू नये. मी तिच्या सगळ्या चुका सुधारल्या, ही एक मुद्दाम सुधारली नाही. गेले नऊ रविवार स्मिता जगताप नावाची बाई मला इन्सुलिन देते आहे. तीही डोळे मिटते. या दोघी एकच आहेत, हे मी शपथेवर सांगते.'